मंगळवेढ्याचं काळं रान आणि गढूळ ओढा : प्रकल्प नोंदी

२८ मे

जागा ठरली. पावसाच्या पाण्याबरोबर रानातली माती आणि तिच्यातली अन्नद्रव्यं किती वाहून जातात ते मोजायचंय. त्यासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारातला एक छोटा ओढा घेतलाय. वरून दोन ओघळी येतात आणि बाभळींच्या खाली एकत्र होतात. दोन्हींचं पाणलोट पंधरा एकरांच्या आसपास, उतारही जवळपास सारखा, शंभर मीटरला एक ते दीड मीटर. उत्तरेच्या ओघळीवरची रानं निव्वळ रब्बीची आहेत. दक्षिणेच्या ओघळीवर चौघांनी यंदा जुलैत कप्पेबंदिस्ती करू, म्हणजे वरंबे घालून रानाचे छोटे चौकोन पाडू, म्हणून शब्द दिलाय, आणि दोघं उडीद पेरणार आहेत. एकच पाऊस दोन वेगळ्या रानांवर कसा वागतो, ते शेजारी शेजारी बघता येईल.

या भागाला ज्वारीचं कोठार म्हणतात. इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी वाणाचं हे पीक पडत्या पावसावर येत नाही, पावसाने जमिनीत ठेवलेल्या ओलीवर येतं. वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यात सप्टेंबरचा वाटा सगळ्यात मोठा. पेरणी उत्तरा-हस्ताच्या सुमाराला. तोवर रान मोकळं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारायचं आणि पाऊस मुरवायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. रीत शहाणपणाची आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की पाऊस जोरात कोसळतो नेमक्या त्याच महिन्यांत जमिनीवर एक पान नसतं. आम्हाला जे मोजायचंय ते सगळं इथून सुरू होतं.

आज रानात भेगा इतक्या आहेत की हात कोपरापर्यंत आत जातो.

९ जून

मृगाचा पहिला पाऊस झाला. पर्जन्यमापकात २६ मिलिमीटर. दोन्ही ओघळी कोरड्याच. उत्तरेकडचे आबा म्हणाले, "हे पाणी रान पिऊन टाकतं. भेगा मिटल्याशिवाय वड्याला काय येत न्हाय."

बरोबर आहे त्यांचं. या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिले पाऊस थेट खाली नेतात, वरची सुटी मातीही थोडी आत पडते. नंतर भेगा बुजल्या की हीच जमीन पाणी आत घ्यायला फार सावकाश होते. म्हणून जूनमधल्या पन्नास मिलिमीटरचा आणि सप्टेंबरमधल्या पन्नास मिलिमीटरचा परिणाम एक नसतो. फक्त पावसाचा आकडा बघून मातीच्या नुकसानीचा अंदाज बांधता येत नाही.

१९ जून

दोन्ही ओघळींवर पत्र्याचे मापनबंधारे बसवले. जाड लोखंडी पत्रा, मध्ये नव्वद अंशाची खाच, साठ सेंटिमीटर खोल. खाचेच्या टोकापासून पाणी किती वर आहे ते मागच्या पट्टीवर वाचायचं. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा अडीचावा घात करायचा आणि १.३८ ने गुणायचं, की सेकंदाला किती घनमीटर पाणी जातंय ते येतं. वीस सेंटिमीटरला सेकंदाला पंचवीस लिटर, चाळीसला एकशेचाळीस. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, म्हणून पट्टी वाचताना एकेक सेंटिमीटरला किंमत आहे.

गढूळ पाण्यासाठी खरं तर एच-फ्ल्यूम (प्रवाह मोजायची, गाळ पुढे जाऊ देणारी उघडी पन्हळ) जास्त चांगला, कारण खाचेमागच्या डबक्यात गाळ बसतो आणि वाचन बिघडतं. तो आमच्या पैशांत बसत नाही. प्रत्येक पाण्यानंतर फावड्याने मागचा गाळ काढायचा आणि काढलेला गाळही वाळवून वजन करून धरायचा, असं ठरवलंय.

नमुन्यांसाठी बाटल्यांचा खांब केला. लोखंडी अँगलला दहा, वीस, तीस, चाळीस सेंटिमीटरवर एकेक लिटरची बाटली बांधली. प्रत्येकीच्या रबरी बुचातून दोन नळ्या जातात. एक वाकवून पाण्याच्या बाजूला केलेली, दुसरी हवा बाहेर जायला, जरा उंच. पाणी वाकलेल्या नळीच्या वर चढलं की बाटली आपोआप भरते आणि भरली की थांबते. इथला पाऊस बहुतेक संध्याकाळी किंवा रात्री येतो, आणि पाणी चढतं तेव्हाच सगळ्यात जास्त माती असते. माणूस टॉर्च घेऊन पोचेपर्यंत ते पाणी निघून गेलेलं असतं. हा खांब तिथे उभा असतो.

१३ जुलै

दक्षिणेच्या रानात आज कप्पे पाडले. ट्रॅक्टरला सारायंत्र लावून आधी उताराला आडवे वरंबे ओढले, मग उभे, म्हणजे रानाचे चौकोन झाले. उतार बघून सहा ते दहा मीटरचे. प्रत्येक चौकोनात पडलेला पाऊस त्याच चौकोनात थांबावा, एवढाच हेतू. सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राची रब्बी ज्वारीसाठीची ही जुनी शिफारस आहे. तरीही शिवारात असं रान क्वचित दिसतं. कारण विचारलं तर सगळे तेच सांगतात: कप्पे पाडले की पुढच्या कुळवाच्या पाळ्या चालत नाहीत, तण वाढतं, पेरणीआधी पुन्हा मोडावे लागतात, डिझेल दोनदा जळतं. या अडचणी खऱ्या आहेत. त्यांचं उत्तर दिल्याशिवाय "माती वाचवा" म्हणत फिरून काही होणार नाही.

एक तात्या मात्र लगेच तयार झाले होते. त्यांना मातीची काळजी वाटली म्हणून नव्हे, ओलीची वाटली म्हणून. गेल्या साली त्यांची ज्वारी पोटरीत असताना सुकली. त्यांचं म्हणणं एवढंच, "पाणी माझ्या रानात पडलं, तर ते माझ्याच रानात ऱ्हावं." आमच्या कामाची दिशा याच वाक्यावर ठेवायला हवी असं मला वाटतं. माती आणि पाणी एकत्रच निघून जातात. पाण्याला थांबवलं की माती थांबते, आणि पाण्याला थांबवण्यात शेतकऱ्याचा त्याच वर्षीचा फायदा आहे.

७ ऑगस्ट

पुष्य, आश्लेषा बुरबुर पावसात चाललेत. वाहण्याजोगं काही नाही. उघड्या रानावर मात्र पातळ पापुद्रा धरलाय. थेंबांनी ढेकळं फुटतात, बारीक कण पृष्ठभागावरच्या छिद्रांत बसतात आणि वाळल्यावर कवच होतं. पुढचा जोराचा पाऊस या कवचावरून घसरणार. उडदाच्या रानात पानांखाली तसं कवच नाही, बोटाने माती सहज उकरते.

२ सप्टेंबर

काल रात्री आला. पर्जन्यमापकात ३८ मिलिमीटर, त्यातला बहुतेक पाऊण तासात.

सकाळी सहाला पोचलो. उत्तरेच्या खांबावरच्या चारही बाटल्या भरलेल्या. पत्र्यावर गाळाची रेष ४१ सेंटिमीटरला. दक्षिणेच्या खांबावर खालच्या दोनच भरल्या, रेष २२ ला. सूत्रात घातलं तर उत्तरेचं ऐन भरातलं पाणी सेकंदाला १४८ लिटर, दक्षिणेचं ३१. पाऊस एकच, उतार सारखा, रान शेजारचं.

उत्तरेच्या रानात चालत वर गेलो. काल संध्याकाळपर्यंत कुळवलेलं सपाट रान होतं. आज त्यावर बोटभर रुंदीच्या शेकडो चिरा, खाली एकमेकींत मिसळत गेलेल्या, आणि तळाशी टाचेएवढ्या खोल दोन घळी. कुळव उताराच्या दिशेने चालवला होता, आणि प्रत्येक चीर कुळवाच्या फासाच्या ओळीतच सुरू झालेली दिसते. बांधाच्या कोपऱ्यात ज्वारीची जुनी धसकटं, शेणखताचे तुकडे आणि पालापाचोळा ढीग होऊन अडकलाय. रानातली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात कसदार वस्तू पाण्याने आधी उचलली.

सरकारी हिशेबात हा पाऊस कुठेच बसत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाले तर अतिवृष्टी धरतात. काल तेवढा झाला नाही. पण मातीला चोवीस तासांशी देणंघेणं नाही, तिला पाऊण तासाचा जोर कळतो. मोठा थेंब सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने येऊन उघड्या ढेकळावर आदळतो, तिथून सगळं सुरू होतं. दिवसभर रिमझिमत पडलेले सत्तर मिलिमीटर या रानाला कालच्या अडतीसपेक्षा सोसवले असते.

४ सप्टेंबर

बाटल्या खोलीवर आणल्या. एक बाटली उंच मोजपात्रात ओतली आणि घड्याळ लावून बसलो.

वाळू पहिल्या अर्ध्या मिनिटात तळाला. त्यानंतर राखाडी गाळ सावकाश. मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक नेहमीचा हिशेब आहे: वीस अंश तापमानाच्या पाण्यात वीस मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली यायला पावणेपाच मिनिटं घेतो, दोन मायक्रॉनचा कण आठ तास. दोन मायक्रॉन आणि त्याखालचे ते चिकणमातीचे कण. आमच्या पात्रात काही चिकणमाती लहान गोळ्यांच्या रूपात होती, ती लवकर बसली. बाकीची रात्रभर तरंगत राहिली. आज सकाळीही वरचं पाणी चहासारखं आहे, आरपार काही दिसत नाही.

हे इतकं बारकाईने लिहितोय त्याला कारण आहे. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचं काम हेच बारीक कण करतात. वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो आणि सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) त्यांनाच चिकटलेले असतात. त्यामुळे वाहून जाणारा गाळ हा मागे राहिलेल्या मातीपेक्षा कसदार असतो. पाणी माती सरसकट नेत नाही, निवडून नेतं.

तुरटी टाकून गाळ लवकर बसवता येतो, वजनाच्या बाटल्यांना तेच केलं. स्फुरद तपासायच्या बाटलीत तुरटी चालत नाही, ती पाण्यातला स्फुरद स्वतःबरोबर खाली ओढते. त्या बाटल्या ओढ्यावरच गाळून घ्यायच्या.

६ सप्टेंबर

गाळणकागद १०५ अंशावर दिवसभर वाळवून वजन केलं. उत्तरेची खालची बाटली लिटरला १४ ग्रॅम, सगळ्यात वरची ११. पाणी उतरताना आबांच्या मुलाने हाताने भरून ठेवलेली ४. दक्षिणेच्या दोन्ही बाटल्या ३ ग्रॅमच्या आत. एका पावसाचे हे आकडे आहेत, यावरून वर्षाचं काही सांगायचं नाही. तरी ऐन भराचं गणित करून बघितलं: सेकंदाला १४८ लिटर, लिटरला ११ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला ९८ किलो माती. पंधरा एकरांतून. तेवढा भर काही मिनिटंच टिकला असणार, पण रात्री आपण झोपलेलो असताना रान किती वेगाने निघून जातं ते डोळ्यांसमोर आलं.

आता अन्नद्रव्यांकडे. या प्रकारच्या मातीत एकूण नत्र (नायट्रोजन) साधारण ०.०५ टक्के, म्हणजे टनाला अर्धा किलो. एकूण स्फुरद टनाला तीन-चारशे ग्रॅम. सेंद्रिय कर्ब पाच किलोच्या आसपास. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर शेजारशेजारची पाणलोटं मोजली आहेत. पावसाळ्यात रान पड ठेवायच्या पारंपरिक पद्धतीत वर्षाला हेक्टरी सरासरी ६.६ टन माती गेली. रुंद वरंबा-सरी आणि पावसाळ्यातही पीक, अशा सुधारित पद्धतीत १.६ टन. तो ६.६ टनांचा आकडा घेतला तर हेक्टरी तीन-साडेतीन किलो नत्र, दोन-अडीच किलो स्फुरद. गाळ कसदार असतो म्हणून दुप्पट धरू. तरी सहा-सात किलो नत्र. युरियाच्या एका पिशवीत वीस किलोंहून जास्त नत्र असतं आणि पिशवी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते.

म्हणून "तुमची खताची पिशवी ओढ्याला गेली" असं शेतकऱ्याला सांगणं कोरडवाहू रानापुरतं तरी फुगवून सांगणं होईल, आणि हिशेबात पक्का असलेला माणूस ते लगेच ओळखेल. त्याचं खरं नुकसान वेगळं आहे. एक हेक्टरावरची एक मिलिमीटर माती म्हणजे बारा-तेरा टन. ती जाते तेव्हा ओल धरणारा थरच पातळ होतो. युरिया दुकानात मिळतो, हा थर मिळत नाही. आणि ज्या पाण्याने ती नेली ते पाणी जानेवारीत ज्वारीला हवं होतं.

ओढ्याच्या बाजूने मात्र हाच किलो फार मोठा आहे. साचलेल्या पाण्यात लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास स्फुरद झाला की शेवाळ जोर धरतं. त्या हिशेबाने एक किलो स्फुरद तीन कोटी लिटर पाण्याला पुरतो. गाळाला चिकटलेला सगळाच स्फुरद शेवाळाला मिळत नाही, हे खरं. पण तळाशी साठलेला गाळ तो वर्षानुवर्षं थोडा थोडा सोडत राहतो. शेतकऱ्याच्या वहीत न दिसणारी रक्कम पाण्याच्या वहीत एवढी मोठी होते. दोन्ही वह्या एकत्र ठेवूनच हा विषय गावापुढे मांडायला हवा.

१५ सप्टेंबर

दोन दिवस संततधार. ओढा तीन दिवस वाहतोय.

खालच्या अंगाला, जिथे कालव्याचं पाणी येतं, तिथे ऊस आहे. तिथून ओढ्यात येणाऱ्या चारीचं पाणी जवळजवळ नितळ. पण नायट्रेट तपासायची रंग बदलणारी पट्टी तिथेच सगळ्यात गडद झाली. वरच्या गढूळ पाण्यात ती फिकी होती. स्फुरदाचं उलट: गाळलेल्या पाण्याच्या तपासणीत स्फुरद दाखवणारी निळी छटा जेमतेम, गाळ मात्र त्याने भरलेला. इथल्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या वर. स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो आणि मातीबरोबर जातो. नत्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळतं, ओढ्याला जातं, मुरून विहिरीलाही जातं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पट्टीवर नेमका आकडा कळत नाही, म्हणून उसाकाठच्या दोन विहिरींचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. त्यातल्या एका विहिरीचं पाणी घरात वापरतात; तो अहवाल आला की आधी त्या घरी जायचं.

म्हणजे गढूळपणा बघून नत्राचा अंदाज येत नाही आणि नितळ पाणी दिसलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. कप्पे आणि बांध मातीला आणि स्फुरदाला आवरतील. नत्राला आवरायचं तर खत कधी, किती आणि कुठे घातलं तिथेच हात घालावा लागेल. उसात पाटाच्या पाण्याआधी युरिया फोकून देणं हे त्यातलं पहिलं.

२१ सप्टेंबर

ओढ्यावर खाली सिमेंटचा नालाबांध आहे. आज त्याच्या सांडव्यावरून पाणी पडत होतं आणि गावातली पोरं, बाया, म्हातारी माणसं बघायला आली होती. पाच-सहा वर्षांत बंधारा इतक्या लवकर भरला नव्हता म्हणे. सगळ्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि तो समजण्यासारखा आहे. या भागात भरलेलं पाणी दिसणं ही छोटी गोष्ट नव्हे.

मी आत येणाऱ्या पाण्याची आणि सांडव्यावरून जाणाऱ्या पाण्याची, अशा दोन बाटल्या भरल्या. आतल्या बाटलीत तळाला वाळू आणि पोयटा बसला. सांडव्याच्या बाटलीत वाळू नावाला नाही, पण रंग तोच. बंधाऱ्यात पाणी फार तर तास-दोन तास थांबतं, चिकणमातीच्या कणाला दहा सेंटिमीटर उतरायला आठ तास लागतात. बंधारा जाडाभरडा गाळ ठेवून घेतो आणि सगळ्यात कसदार भाग पुढे सोडतो. पाणी अडवायचं काम तो चोख करतो, माती अडवायचं काम त्याच्यावर टाकणं चुकीचं आहे.

२०१७ पासून "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजनेत तलावांतला गाळ रानात नेता येतो. मुरमाड रानाला त्याचा चांगला उपयोग होतो, मी स्वतः पाहिलाय. पण पोकलेन, ट्रॅक्टर आणि डिझेल लावून जी माती आपण वर नेतो ती एका रात्रीत फुकट खाली आली होती. वरच्या रानात ती थांबवायला तेव्हा एक सारायंत्र पुरलं असतं.

इथून पाणी माणमध्ये, सरकोलीजवळ भीमेत, मग कर्नाटकात, रायचूरजवळ कृष्णेत आणि पुढे श्रीशैलम धरणाला. श्रीशैलमची मूळ साठवण ३०८ टीएमसी (अब्ज घनफूट) होती. गाळ बसून ती २१५ टीएमसीवर आल्याचं धरतात. कृष्णा, भीमा, तुंगभद्रा, सगळ्यांच्या खोऱ्यांतली माती त्यात आहे, आणि मंगळवेढ्याची काळीही. डेहराडूनच्या मृदसंधारण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये देशाचा अंदाज काढला होता: वर्षाला ५३३.४ कोटी टन माती जागची हलते, हेक्टरी सरासरी १६ टनांहून थोडी जास्त. त्यातली २९ टक्के समुद्रात, १० टक्के धरणांत, उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसरीकडे. हा ६१ टक्क्यांचा भाग मला आशादायक वाटतो. तो अजून खोऱ्यातच आहे, कुठल्या तरी बांधाच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या काठाला.

२९ सप्टेंबर

हस्ताने झोडपलं. पर्जन्यमापक एका रात्रीत ७२ मिलिमीटर. उत्तरेचा पत्रा पूर्ण बुडाला, वाचन नाही. फक्त "साठच्या वर" एवढंच लिहिता येतं.

उत्तरेच्या रानातली जुनी ताल (मातीचा मोठा बांध) फुटली. आबा सांगतात, ती दुष्काळी कामातली, १९७२ ची. काळ्या खोल जमिनीत समपातळीची ताल हा तसाही अवघड मामला. पाणी मागे तुंबतं, रान चिबडतं, पीक पिवळं पडतं, म्हणून शेतकरी स्वतःच कुठे तरी तोंड पाडतो. उन्हाळ्यात तालीला भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पाण्याला त्या भेगेतून बोगदा होतो. आज जिथे फुटली तिथे कमरेएवढी घळ पडलीय, आणि खालच्या भावकीच्या रानात लोंढ्याने दोन-तीन पांड (जमिनीचं जुनं माप) जागेवर मुरूम पसरलाय. तिथल्या काकू बांधावर बसून होत्या. "वरच्याचं पाणी खालच्याच्या बोकांडी," एवढंच म्हणाल्या.

दक्षिणेला कप्पे बहुतेक टिकले. सगळे काठोकाठ भरलेले. पण सगळ्यात खालच्या ओळीतले तीन फुटले आणि त्यांचं पाणी एका जागी जमून बांध कापून गेलं. कारण स्पष्ट आहे: वरच्या कप्प्यांनी जास्तीचं पाणी सोडावं कुठे, याची सोयच रानाला नव्हती. तीस-चाळीस मिलिमीटरच्या पावसाला कप्पे पुरेसे, सत्तरला नाही. प्रत्येक बांधाला दगडी पिचिंगचा सांडवा, आणि सांडव्याखाली गवत, हे कप्प्यांइतकंच गरजेचं.

७ ऑक्टोबर

वापसा आला, म्हणजे ओलं रान पेरणीजोगं झालं. दोन्हीकडे पेरण्या सुरू. तात्यांनी दोन चाड्यांची (बी सोडायच्या पेल्यांची) पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, काढली. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत, आणि खत बियाण्याच्या खाली मातीत जातं. कृषी विद्यापीठाची शिफारसही हीच. शेजारच्या रानात डीएपी खत हाताने वरून फेकलं आणि मग ट्रॅक्टरने पेरलं. त्याचे करडे दाणे अजून मातीवर दिसतायत. परतीचा पाऊस बाकी आहे.

पाभरीच्या मागे चालताना एक बघितलं. कप्प्यांच्या रानात फण ओढायला सोपा जात होता आणि सरीच्या तळाची माती काळी कुळकुळीत ओली होती. तात्यांनी मूठभर उचलून वळली, लाडू झाला. उत्तरेच्या रानात तेवढ्याच खोलीवरची मूठ वळली, सुटली.

१४ ऑक्टोबर

परतीचा हलका पाऊस, नऊ मिलिमीटर. वाहिलं काही नाही.

गावात आज २०२० ची आठवण निघाली. त्या वर्षी याच तारखेला बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा तेलंगण ओलांडून सोलापुरावर आला होता आणि भीमेला पूर आला. नुकत्याच पेरलेल्या रानांतलं बी आणि खत दोन्ही गेलं, दुबार पेरणी झाली. कप्पे त्या पावसालाही पुरले नसते आणि पेरणीच्या वेळी ते मोडलेलेच असतात. त्या दिवसांत रानाला वाचवू शकेल असं एकच: आडवी पेरणी, म्हणजे पाभरीची प्रत्येक ओळ उताराला आडवी. खर्च शून्य. अडचण रानांच्या वाटण्यांची. वाटण्या उताराच्या दिशेने झाल्यात, पट्ट्या लांब आणि अरुंद, आडवं चालवायचं तर ट्रॅक्टरला दर पन्नास फुटांवर वळावं लागतं. दोन भावांनी मिळून एकत्र पेरलं तर जमतं. यंदा एका घरानं तसं केलं.

९ नोव्हेंबर

ज्वारी गुडघ्याला. गिरमिटाने साठ सेंटिमीटरपर्यंतचे मातीचे नमुने काढून ओल तपासली. वरच्या वीतभरात दोन्ही रानं सारखी. खाली कप्प्यांच्या रानात ओल स्पष्ट जास्त. उडदाच्या रानात वरची ओल थोडी कमी आहे, पिकाने प्याली, पण माती तिथूनच सगळ्यात कमी गेली आणि उडदाचे पैसे हातात आले. म्हणजे पावसाळी पीक घ्यायचं की कप्पे पाडून पड ठेवायचं, याला सगळ्या रानांसाठी एक उत्तर नाही. खोल काळीत पाऊस बरा असेल तर उडीद-मूग. तेवढा भरवसा नसेल तर कप्पे. उघडं, उतारानं कुळवलेलं रान मात्र दोन्ही हिशेबांत तोट्याचं.

विहिरींचे अहवाल आले. उसाकाठची एक विहीर मर्यादेच्या वर निघाली, घरात वापरतात तीच. त्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे, आणि जादा नायट्रेटचा धोका सर्वांत जास्त तान्ह्या मुलांना, बाहेरचं दूध पाजताना त्यात हे पाणी मिसळलं तर. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं वाढतं. हे काल जाऊन सांगितलं. तूर्त बाळासाठी नळयोजनेचं पाणी आणतायत.

काल रात्री देवळात बैठक झाली. दोन मोजपात्रं शेजारी ठेवली होती, उत्तरेचं आणि दक्षिणेचं, दोन्ही १ सप्टेंबरच्या रात्रीच्या पावसाचे राखून ठेवलेले नमुने. आकडे मी नंतर सांगितले, आधी ओलीचे, मग मातीचे. आबांनी पुढच्या वर्षी त्यांच्या पाच एकरांत कप्पे पाडायचं कबूल केलं, सारायंत्र गावात एकच आहे म्हणून पाळी लावून. फुटलेल्या तालीवर बोलणं लांबलं. खालच्या भावकीचं म्हणणं, ताल परत बांधली तर सांडवा त्यांच्या बाजूला नको. वरच्यांचं म्हणणं, पाणी दुसरीकडे जाणारच नाही. शेवटी ठरलं ते असं: उन्हाळ्यात लेव्हल लावून नैसर्गिक उताराची रेष आधी आखायची, सांडवा त्या रेषेवर दगडी, आणि त्याखाली ओढ्यापर्यंत चार मीटर रुंदीची पट्टी दोन्ही घरांनी न नांगरता मारवेल गवताला सोडायची. गवत कापायचा हक्क खालच्यांचा, कारण पाणी त्यांच्या अंगावर येतं. काकूंनी हे दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

मारवेलाची ठोंबं जूनमध्ये लागतील. त्यांची सोय, लेव्हलचं यंत्र आणि उत्तरेच्या ओघळीसाठी जास्त खोल खाचेचा पत्रा, एवढं मेअखेर करून ठेवायचंय.